ताडी, द्राक्षासव आणि आबकारी

गेल्या माघ महिन्यांत कांदिवलीच्या कांहीं स्नेह्यांनीं इगतपुरी तालुक्यांतील एका लहानशा द्राक्षासवाच्या कारखान्यास भेट देण्याचा बेत केला, व त्यांत आम्हांसहि ओढलें. घोडबंदरच्या रस्त्यानें ठाणें, पुढें शहापूर, आणि कसाऱ्याचा घाट चढून वर आल्यावर जो डोंगराळ मुलूख लागतो, त्यांत हा मळा आहे. मद्याचे आम्ही भोक्ते नाहीं, त्याचा विटाळ मानणारेहि नाहीं. परंतु जी वस्तु जेथें उत्पन्न होते तेथेंच जाऊन तिची ओळख करून घ्यावी, हा छंद आम्हांस पुष्कळ दिवसांचा आहे. त्या छंदानें या खेपेस आम्हांस द्राक्षांकडून निघून ताडांकडे, आणि आमच्याच गांवाच्या एका विसरलेल्या प्रकरणाकडे आणून सोडलें. तें प्रकरण वाचकांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आम्ही गेलों तेव्हां खुडणीचे दिवस होते. पहांटेच्या गारव्यांत घड खुडून ते ऊन चढण्यापूर्वीं कारखान्यांत आणीत होते. पांढऱ्या आसवासाठीं रस सालींपासून लगेच वेगळा करतात; तांबड्यासाठीं तो सालींसकट आंबूं देतात, कारण रंग आणि तुरटपणा हे दोन्ही सालींतच असतात. सर्व पाहून झाल्यावर एका लांब टेबलाभोवतीं आम्हांस बसविण्यांत आलें, आणि एका तरुण मुलानें लहान लहान पेल्यांतून पांच आसवें क्रमानें आमच्यापुढें ठेविलीं. पांढरीं आधीं, तांबडीं मागून. पेला कसा धरावा, कसा हलवावा, आधीं वास कां घ्यावा, हें त्यानें मोठ्या आस्थेनें समजावून दिलें. सोव्हिन्यों ब्लाँमध्यें पेरूचा वास येतो असें तो म्हणाला, व तो खरोखरच आला. शिराझमध्यें मिऱ्यांचा झणका होता. मंडळी प्रसन्न झाली.

इतक्यांत आमच्यांतील एक वृद्ध गृहस्थ, ज्यांचें घराणें चारकोपच्या बाजूचें जुनें भंडारी घराणें आहे, पेला खालीं ठेवून म्हणाले, "अहो, आमचे आजोबा पहांटे ताडावरून उतरले, कीं झाडाखालीं उभ्या असलेल्या पाहुण्याला पहिला पेला देत. त्यापायीं त्यांना दंड भरावा लागला. इथें मात्र पेला देणाराला पगार मिळतो." सर्वजण हंसले. आम्हीहि हंसलों, परंतु परतीच्या वाटेवर तें वाक्य कांहीं केल्या मनांतून जाईना.

द्राक्षाचें आसव दक्षिणेस नवें आहे काय? नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मृद्वीकेच्या, म्हणजे द्राक्षांच्या, रसास 'मधु' म्हटलें असून त्याच्या जाती देशांच्या नांवांवरून सांगितल्या आहेत. कापिशायन ही त्यांतलीच एक. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथांत भडोच बंदरीं येणाऱ्या मालांत मद्याचा उल्लेख असून इटलीच्या मद्यास तेथें विशेष मागणी होती असें नमूद आहे. नेवासें, तेर, जुन्नर, घारापुरी या ठिकाणीं परदेशी मद्यकुंभांचीं खापरें सांपडलीं आहेत. त्यांतील कांहीं रोमन नसून मेसोपोटेमियाकडील रांजणांचीं आहेत असें अलीकडच्या अभ्यासकांनीं दाखविलें आहे. तात्पर्य, ज्या काळीं आमच्या शेजारच्या कान्हेरीच्या लेण्यांस कल्याणचे व्यापारी दानें देत होते, त्या काळीं या किनाऱ्यावर दूरदेशचें द्राक्षासव उतरत होतें. पुढें चौदाव्या शतकांत इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादेस आला; तेथील द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोन वेळां येतात, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. या वाक्याचा अर्थ आम्हांस त्या मळ्यांत उमगला. थंड देशांत द्राक्षवेल हिंवाळ्यांत झोंपी जाते. आपल्याकडे ती झोंपतच नाहीं. म्हणून आपला बागाईतदार एप्रिलांत एकदां खरडछाटणी करून काडी तयार करून घेतो, आणि पावसाळा सरतांना गोडीछाटणी करून फळ घेतो. दोन बहारांपैकीं एक वेलीस व एक स्वतःस, असा हा विभाग आहे.

आतां साष्टीकडे वळूं. कांदिवलीस रेल्वेचें स्टेशन होऊन शंभरांहून अधिक वर्षें झालीं. त्यापूर्वीं आकुर्ली, पोयसर, चारकोप हीं भातशेतीचीं व ताडांचीं गांवें होतीं. या बेटांत द्राक्षें कोठलीं? येथील मळा म्हणजे ताडाचें बन, आणि येथील मळेवाला म्हणजे भंडारी. कमरेस कोयती व मडकें बांधून तो दिवसांतून दोनदां झाडावर चढे, फुलोऱ्याच्या टोंकाची पातळ चकती कापी, आणि ठिबकणारा रस मडक्यांत धरी. पहांटेचा रस तो नीरा. गोड, शीतल व निर्मद. परंतु हवेंतील व मडक्यांतील किण्वामुळें तो तासा-दोन तासांतच आंबूं लागतो. दुपारीं ती ताडी होते, आणि दुसऱ्या दिवशीं शिरका होऊं पाहते.

ही गोष्ट आमच्या विषयाच्या मुळाशीं आहे. द्राक्षासव बाटलींत भरतां येतें, वर्षानुवर्षें ठेवतां येतें, व सातासमुद्रांपलीकडे धाडतां येतें. मळ्यावर जाऊन त्याची चव घेणें हा शौक आहे. ताडीस ती सोय नाहीं. ती झाडाजवळच, आणि त्याच दिवशीं प्यावी लागते. ज्यास आज मोठ्या कौतुकानें उत्पादनस्थळींची आस्वादभेट म्हणतात, ती ताडीच्या बाबतींत चैन नसून तिचा स्वभावधर्मच आहे. साष्टीच्या गांवकऱ्यांस हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतें. पोर्तुगीजांच्या अमलांत ख्रिस्ती झालेले, आणि पुढें १८८७ पासून स्वतःस ईस्ट इंडियन म्हणवूं लागलेले मराठी बोलणारे शेतकरीहि आपल्या ताडाची ताडी पीत, आणि लग्नकार्यांत मसाला घालून ऊन केलेलें खिमाड पाहुण्यांपुढें ठेवीत. यांत कोणास गुन्हा दिसला नव्हता.

गुन्हा दिसूं लागला तो १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानंतर. आबकारी कमिशनर चार्ल्स प्रिचर्ड यांच्या धोरणाचें सूत्र असें होतें, कीं दारू थोड्या ठिकाणीं तयार व्हावी, थोड्या हातांतून विकली जावी, आणि प्रत्येक पेल्यामागें सरकारास कर मिळावा. परवान्याशिवाय ताड छेदतां येईना. दर झाडामागें कर बसला. खेड्यांतील लहान भट्ट्या जाऊन मोठ्या कारखान्यांतली मोहाची दारू गांवोगांव येऊं लागली. मुंबईस ती विशेषतः उरणहून येई. ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत तर १८९२ च्या कायद्यानें मोहाचीं फुलें जवळ बाळगण्यावरहि निर्बंध आले. म्हणजे जंगलांतील कातकऱ्याच्या व ठाकराच्या टोपलींत काय आहे, हें शिपायानें पाहावें अशी व्यवस्था झाली. झाडाच्या बुंध्याशींच ताडी विकण्याचे परवाने इलाख्यांत कांहीं ठिकाणीं दिले जात हें खरें; तथापि स्वतःच्या झाडाखालीं स्वतःच्या पाहुण्यास पेला देणें हा हक्क न राहतां सरकारची मेहेरबानी झाली. हा सर्व खटाटोप मद्यपान कमी व्हावें म्हणून आहे, असें सरकार सांगे. आबकारीचें उत्पन्न मात्र वाढतच गेलें.

या धोरणावर आमच्या पुढाऱ्यांनीं जो हल्ला केला, तो दुसऱ्या बाजूनें केला. १९०८ सालीं पुण्यांत टिळकांच्या पुढाकारानें दारूच्या दुकानांवर निरोधन झालें. १९३० च्या सत्याग्रहांत स्त्रिया दुकानांपुढें उभ्या राहिल्या. त्यांचा राग यथार्थ होता. दारूनें मोडलेलें घर ज्यानें पाहिलें आहे, तो त्या रागाची थट्टा करणार नाहीं. गडचिरोलीच्या लोकांनीं चळवळ करून १९९३ मध्यें आपल्या जिल्ह्यांत दारूबंदी आणली, तिच्या मुळाशींहि हेंच दुःख होतें. मुंबई शहरांत १ ऑगस्ट १९३९ रोजीं खेर मंत्रिमंडळानें दारूबंदी सुरू केली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, आणि १९५० च्या एप्रिलपासून सर्व राज्य कोरडें ठरलें. गांधीजींनीं ताडगुळाचा व नीरेचा पुरस्कार केला होता, म्हणून नीरेस वाट ठेवण्यांत आली. परंतु सकाळीं नीरा व दुपारीं ताडी, हा ज्या रसाचा निसर्गक्रम, त्याच्या मालकास सकाळीं सज्जन व दुपारीं अपराधी ठरविणारा कायदा पाळावयाचा कसा, हा प्रश्न कोणीं सोडविला नाहीं. पुढें कांदिवलीच्या भोंवतीं चाळी व इमारती उठल्या, ताड पडले, आणि प्रश्न विचारणारेहि उरले नाहींत.

दारूबंदी १९६० नंतरच्या काळांत सैल होत गेली. कायद्याच्या नांवांत मात्र ती अद्याप आहे. १९८० च्या सुमारास नारायणगांव येथें फेंसाळ द्राक्षासवाचा कारखाना उभा राहूं लागला. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर करून उत्पादनशुल्कांत सूट दिली, आणि नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें खास वसाहती आखल्या. गंगापूर धरणाच्या भोंवतीं, दिंडोरींत, निफाडांत, इगतपुरीच्या डोंगरांत मळे झाले. मळ्यांत आस्वादगृहें झालीं. २०२२ च्या जानेवारींत, मोठ्या किराणा दुकानांतूनहि द्राक्षासव विकूं द्यावें असा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला, व त्याचें कारण द्राक्ष पिकविणाऱ्या शेतकऱ्याचें हित असें सांगितलें. विरोधामुळें तो निर्णय अमलांत आला नाहीं. परंतु युक्तिवाद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे: ज्याचें झाड त्याचें हित. हाच युक्तिवाद भंडाऱ्याच्या ताडास कोणीं लाविला होता काय?

कोणी म्हणेल, द्राक्षासव सौम्य आहे, ताडीची तशी गोष्ट नाहीं. वस्तुस्थिति उलट आहे. ताज्या ताडींत मद्यार्काचें प्रमाण शेंकडा ४ ते ६ असतें. द्राक्षासवांत शेंकडा १२-१३. कोणी म्हणेल, शहरांत विकली जाणारी ताडी विषारी असते. ही गोष्ट खोटी नाहीं. पण ती विषारी कां? झाडें नाहींत आणि गिऱ्हाईक आहे, म्हणून पाण्यांत क्लोरल हायड्रेट कालवून तिला ताडीचें नांव देतात. ज्या ताडीच्या माथ्यावरचें झाड गिऱ्हाइकास दिसतें, तिच्यांत ही लबाडी करणें कठीण. जी ताडी कोठून आली हें कोणासच ठाऊक नाहीं, तिच्यांत ती सोपी. कांदिवलीच्या शेजारीं मालाडच्या मालवणींत २०१५ च्या जून महिन्यांत विषारी दारू पिऊन शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. तीं बहुतेक हातावर पोट असलेलीं होतीं. त्यांच्या पेल्यांत काय होतें हें त्यांस सांगणारा, लांब टेबलापाशीं उभा असलेला तरुण मुलगा, कोणीं नेमला नव्हता.

आम्हांस मद्याची भलामण करावयाची नाहीं. ज्यास बंदी हवी, त्यानें ती सर्वांस सारखी मागावी; तो मार्ग आम्हांस व्यवहार्य वाटत नाहीं, पण प्रामाणिक वाटतो. मात्र एका झाडाच्या रसास शेती व संस्कृति म्हणावयाचें, आणि दुसऱ्याच्या रसास व्यसन व गुन्हा, हें माप खोटें आहे. स्वतः कौटिल्य, जो करवसुलींत कोणासहि सोडणारा नव्हे, त्यानेंहि गृहस्थांस कार्यप्रसंगीं घरगुती सुरा करण्याची मुभा ठेविली, आणि उत्सव व यात्रा यांत चार दिवसांची मोकळीक दिली. शेजारच्या गोव्यानें काजूच्या फेणीस २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळवून आपल्या लहान भट्टीवाल्यास नांव दिलें. साष्टीच्या ताडीस तसें नांव मिळणें अशक्य नव्हतें. तिला चौकी मिळाली.

त्या दिवशीं सायंकाळीं आम्ही कांदिवलीस परत आलों, तेव्हां वृद्ध गृहस्थांनीं गाडी चारकोपच्या खाडीकडे घ्यावयास सांगितलें. तेथें एका भिंतीच्या कडेला एक ताड उभा आहे. त्याच्या बुंध्यावर जुन्या खांचा अजून दिसतात. "हा आजोबांचा," ते म्हणाले. आम्हीं वर पाहिलें. फुलोरा आला होता. तो छेदण्यास आतां कोणी चढत नाहीं.