झाडांचा निधी दाट मोहल्ल्यापर्यंत का पोहोचत नाही?

मुंबई किंवा पुण्यात मालमत्ता कराचं बिल नीट पाहिलं तर एक ओळ दिसते : वृक्ष उपकर. रक्कम लहान, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण शहरात झाडं लावायला जो सरकारी पैसा येतो, त्याची एक वाट इथूनच निघते.

या उपकरामागे 1975 चा महाराष्ट्राचा शहरी वृक्ष संरक्षण कायदा आहे. वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी त्यातूनच आले. झाड तोडायची परवानगी देणारं खातं एवढीच त्याची ओळख उरली आहे. खरं तर झाडांची गणना, रोपवाटिका आणि नवी लागवड हीसुद्धा प्राधिकरणाचीच कामं. 2021 च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावण्याची अट आली. लावायची कुठे? जिथे जागा मिळेल तिथे. अडचण इथेच सुरू होते.

दुसरी वाट केंद्राच्या नगर वन योजनेची. 2020 मध्ये सुरू झालेल्या या योजनेला कॅम्पाचा पैसा मिळतो, म्हणजे वनजमीन दुसऱ्या कामाला देताना वसूल केलेली भरपाई. हेक्टरी 4 लाख रुपये. नगर वनाला 10 ते 50 हेक्टर जागा लागते, नगर वाटिकेला किमान 1 हेक्टर. आता गोवंडीत, मुंब्र्यात किंवा मालेगावच्या जुन्या मोहल्ल्यात सलग अडीच एकर मोकळी जागा शोधून दाखवा! भिवंडीत पत्र्याखाली यंत्रमाग चालवणाऱ्या कामगाराला सावलीची गरज जास्त, पण निधी गरज पाहून नाही, जागा पाहून जातो.

निकष वेगळाही ठेवता येतो. अमेरिकेत 2022 च्या कायद्याने शहरी झाडांसाठी दीड अब्ज डॉलर ठेवले, आणि 2023 मध्ये अनुदानं वाटताना मागास राहिलेल्या वस्त्यांना फायदा झाला पाहिजे अशी अट घातली. सरकार बदलल्यावर 2025 मध्ये यातलं साडेसात कोटी डॉलरचं एक मोठं अनुदान रद्द झालं, हेही खरं.

आपल्याकडे लगेच मागता येईल अशी जागा आम्हाला तरी कब्रस्तान, ईदगाह आणि पालिका शाळांची आवारं हीच दिसते. ट्रस्टच्या लेखी संमतीसह वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा. कब्रस्तानात भिंतीलगतची रांगच बरी, कबरींना मुळांचा धक्का नको. कडुनिंब, करंज चालतात. अर्जात रोपांबरोबर जाळी, टँकरचं पाणी आणि पहिले दोन-तीन उन्हाळे देखभाल हेही लिहून मागावं, नाहीतर जूनमध्ये फोटो निघतो आणि एप्रिलमध्ये खड्डा उरतो. वृक्ष उपकराचे किती पैसे आपल्या वॉर्डात खर्च झाले, हे माहिती अधिकारात विचारता येतं. अर्जाचं शुल्क 10 रुपये.