अर्धशिशी, परिचारिका आणि हजेरीपट : मंठा तालुक्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मराठवाड्यातील सार्वजनिक आरोग्याचा इतिहास प्रामुख्याने साथींचा, दुष्काळांचा, लसीकरणाचा आणि कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. या सर्व कार्यात गावपातळीवर प्रत्यक्ष राबलेली परिचारिका त्यात येते ती संख्येच्या रूपाने. मंजूर पदे किती, भरलेली किती, प्रसूती किती. तिचे स्वतःचे आजारपण मात्र या इतिहासात जवळजवळ नाही. क्षयरोग, कावीळ किंवा बाळंतपण यांसाठी दीर्घ रजा पडते आणि रजेची नोंद राहते. अर्धशिशीसारखा काही तासांपुरता येऊन पुन्हा पुन्हा येणारा विकार कोणत्याही दप्तरात शिल्लक राहत नाही. प्रस्तुत लेखात या नोंद न राहण्यामागील कारणांचा मागोवा जालना जिल्ह्यातील मंठा तालुक्याच्या संदर्भात घेतला आहे.

अर्धशिशी हा विकार या भूमीला नवीन नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले असून त्यांत अर्धावभेदकाचा समावेश आहे. दहा दिवसांनी, पंधरवड्याने किंवा अकस्मात उद्भवणारी अर्ध्या मस्तकाची तीव्र वेदना असे त्याचे वर्णन येते. विकाराचे पुन्हा पुन्हा येणे हेच त्याचे लक्षण होय, हे त्या काळीही वैद्यांच्या ध्यानात आले होते. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात याच व्याधीची कारणे दिली आहेत. रूक्ष अन्न, आधीचे पचण्यापूर्वी पुन्हा जेवणे, पूर्वेकडील वारा, दव, मलमूत्रादी वेगांचे धारण आणि अतिश्रम ही त्यांपैकी काही होत. यातील वेगधारण, अवेळी आहार आणि श्रम ही तीन कारणे एकत्र वाचली, तर आजच्या रात्रपाळीचेच वर्णन वाचतो आहोत की काय असे वाटते. अर्थात संहिताकारांच्या नजरेसमोर परिचारिका नव्हती, आणि त्यांच्या निदानपद्धतीची आधुनिक निदानाशी सरळ बरोबरी करणे उचित नाही.

लोकव्यवहारातील उपायही सर्वपरिचित आहेत. कपाळावर सुंठीचा किंवा वेखंडाचा लेप, डोक्याला घट्ट बांधलेले फडके, सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी आणि मंत्र घालून ‘अर्धशिशी उतरविणे’ हे त्यांपैकी होत. १८९३ साली मुंबईत काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी सुरू केलेले अमृतांजन पुढे घरोघरी गेले. या उपायांनी वेदना किती थांबत असे हा वेगळा प्रश्न आहे. परंतु त्यांपैकी बहुतेकांना अंधारी खोली, निवांत पडणे आणि घरात कोणीतरी दुसरे माणूस असणे लागते. नोकरी करणाऱ्या स्त्रीला, त्यातही परिचारिकेला, नेमक्या याच तीन गोष्टी मिळत नाहीत.

आधुनिक परिचर्येचा पाया फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी घातला. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांचे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. निरोगी, शिस्तप्रिय, स्वतःविषयी न बोलणारी परिचारिका हा आदर्श तेथून जगभर पसरला. वास्तविक नाइटिंगेल स्वतः १८५५ साली क्रिमियात तापाने आजारी पडल्या आणि १८५७ नंतरची बरीच वर्षे त्यांनी अंथरुणावरून काम केले. तो आजार दीर्घकालीन ब्रुसेलोसिस असावा, असे मत १९९५ मध्ये मांडले गेले आहे. भारतातील लष्कराच्या आरोग्यस्थितीवरील १८६३ च्या राजआयोगाच्या अहवालासाठी त्यांनी केलेले कामही याच काळातील. भेटीगाठी नाकारून, वेळ आपल्या हाती ठेवून, पत्रे व आकडेवारी यांच्या आधारे त्यांनी आजारपणाशी जुळवून घेतले. ही सोय त्यांना घरची संपत्ती आणि कीर्ती यांमुळे लाभली. त्यांच्या नावाने शपथ घेणाऱ्या परिचारिकेच्या वाट्याला मात्र शिस्त तेवढी आली, ही सोय आली नाही.

महाराष्ट्रात हा व्यवसाय रुजविताना आणखी एक अडचण होती. १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचा उल्लेख पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून केला जातो. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन स्थापन झाले आणि विधवा व परित्यक्ता स्त्रियांसाठी परिचर्येचे शिक्षण हा उपजीविकेचा सन्मान्य मार्ग बनू लागला. परपुरुषाला स्पर्श, परजातीची शुश्रूषा, रात्री घराबाहेर राहणे या सर्वांवर समाजाचा आक्षेप होता. अशा वातावरणात ‘मला हे काम झेपत नाही’ असे एखाद्या परिचारिकेने म्हणणे म्हणजे आक्षेप घेणाऱ्यांच्या हाती कोलीत देणे ठरले असते. सोसणे हा या व्यवसायाच्या प्रतिष्ठेचाच भाग कसा झाला, हे या पार्श्वभूमीवर समजते.

मराठवाडा या घडामोडींपासून दूर, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जालन्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्या पुढाकाराने स्कॉटिश मिशनचे कार्य वाढले आणि तेथील मिशन रुग्णालय परिसराचा आधार ठरले. गोदावरी खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास परतूरपर्यंत पोहोचला. मंठा मात्र रेल्वेपासून दूरच राहिले. गावातील प्रसूती सुईणीच्याच हाती होत्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. परतूर तालुक्यात असलेला हा भाग तोवर परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा परतूर त्यात आले आणि पुढे मंठा हा स्वतंत्र तालुका झाला. जिल्हा, राज्य आणि दप्तराची भाषा बदलत गेलेल्या अशा भागात कर्मचाऱ्यांच्या नोंदींची सलगता मुळातच विरळ आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर भोर समितीने १९४६ मध्ये दिलेल्या अहवालानुसार अखंड भारतात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. १९५२ च्या समुदाय विकास कार्यक्रमातून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर बहुउद्देशीय कर्मचारी ही कल्पना रुजली. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि तेथे एक आरोग्यसेविका, असा निकष ठरला. या निकषाकडे इतिहासकाराने थांबून पाहिले पाहिजे. ‘एक’ या शब्दात तिच्या आजारपणाची तरतूद नाही. ग्रामीण रुग्णालयातील अधिपरिचारिकेला निदान पाळी बदलून घेता येते. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेला बदली कोणाशी करावी हाच प्रश्न असतो. तिच्यावर मुख्यालयी राहण्याचे बंधन असल्याने तिची पाळी कधी संपतच नाही. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने दुसऱ्या आरोग्यसेविकेची व आशा कार्यकर्तीची तरतूद केली, ती या दृष्टीनेही महत्त्वाची होती, जरी तिचा हेतू वेगळा होता.

आता प्रत्यक्ष विकाराकडे वळणे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय शिरोवेदना संस्थेच्या वर्गीकरणानुसार अर्धशिशीचा झटका उपचाराविना ४ ते ७२ तास टिकतो. प्रकाश, आवाज व हालचाल असह्य होते, मळमळते, उलट्या होतात. तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यातील १५ किंवा अधिक दिवस डोके दुखत असेल आणि त्यांपैकी किमान ८ दिवस अर्धशिशीची लक्षणे असतील, तर विकार दीर्घकालीन समजला जातो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण दुप्पट-तिप्पट आहे. कर्नाटकात झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अर्धशिशीचे वार्षिक प्रमाण २५.२ टक्के आढळले, आणि ते शहरांपेक्षा खेड्यांत अधिक होते. यावरून, व्यवसाय प्रामुख्याने स्त्रियांचा असल्यामुळे, कोणत्याही रुग्णालयाच्या परिचारिकावर्गात या विकाराने ग्रस्त असलेल्या काही जणी असणारच, हा निष्कर्ष अटळ ठरतो.

झटक्याला निमंत्रण देणाऱ्या बाबी म्हणजे झोपेची अनियमितता, उपाशी राहणे, पाणी कमी पिणे, तीव्र ऊन, उग्र वास आणि मासिक पाळी. रात्रपाळीनंतर दिवसपाळी, प्रसूतीकक्षात हुकलेले जेवण, स्पिरिट व फिनाइल यांचा वास, डोक्यावर लुकलुकणारी नळी, स्वच्छतागृहाच्या अडचणीमुळे मुद्दाम कमी प्यायलेले पाणी. हा परिचारिकेचा नित्याचा दिवस आहे. मंठ्यासारख्या तालुक्यात त्यात वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हाची भर पडते. लसीकरणाचे सत्र ठरलेल्या दिवशी व्हावेच लागते. बर्फातील लस वाहून नेणारी सेविका दुपारच्या उन्हातून परतते. झटक्याच्या आरंभी काहींच्या दृष्टीपुढे नागमोडी तेजोरेषा उमटतात आणि अक्षरे पुसट होतात. अशा क्षणी इंजेक्शनच्या कुपीवरील बारीक मजकूर वाचून मात्रा मोजण्याचे काम समोर असेल, तर धोका केवळ तिच्यापुरता उरत नाही. सोसण्याच्या गौरवामागे हा धोका झाकला जातो, ही त्यातील गंभीर बाब आहे.

औषधांचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. अर्गटपासून १९१८ मध्ये वेगळे केलेले अर्गोटामिन १९२५ पासून अर्धशिशीवर वापरले जाऊ लागले. हृदयविकारासाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलने अर्धशिशीही कमी होते, हे १९६६ मध्ये योगायोगाने आढळले. केवळ याच विकाराला लक्ष्य करणारे सुमाट्रिप्टान १९९१ मध्ये आले. खेड्यापाड्यांत मात्र दीर्घकाळ चालली ती साधी वा मिश्र वेदनाशामक गोळी. परिचारिकेच्या हाताशी औषधाचे कपाट असते आणि काय घ्यावे याचे ज्ञानही असते. ही सोय वरवर दिसते तेवढी निर्धोक नाही. मिश्र वेदनाशामके, अर्गोटामिन किंवा ट्रिप्टान महिन्यातून १० दिवस आणि साधी वेदनाशामके १५ दिवस वा अधिक घेतली जाऊ लागली, की औषधामुळेच डोकेदुखी जडू शकते. पाळी पूर्ण करण्यासाठी घेतलेली गोळीच अधूनमधून येणाऱ्या विकाराला दीर्घकालीन बनवू शकते, हे वर्तुळ परिचर्येच्या व्यवसायात विशेष सहज पूर्ण होते.

कोविडच्या काळात या वेदनेला आकडा मिळाला. २०२० मध्ये सिंगापूर येथील अभ्यासात संरक्षक साधने वापरणाऱ्या १५८ आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी १२८ जणांना त्या साधनांमुळे नव्याने डोकेदुखी सुरू झाल्याचे आढळले. ज्यांना आधीच डोकेदुखीचा विकार होता, त्यांना हा त्रास होण्याची शक्यता अधिक होती. मास्कच्या पट्ट्या व चष्म्याचा दाब ही कारणे नोंदली गेली. साथ ओसरली आणि हा विषय पुन्हा मागे पडला.

मूळ प्रश्न नोंदीचा आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ नुसार वर्षाला २० दिवसांची अर्धवेतनी रजा मिळते आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परिवर्तित करता येते; नैमित्तिक रजा वर्षाला ८ दिवस. या सर्व तरतुदींचे एकक दिवस आहे, फार तर अर्धा दिवस. महिन्यात आठ झटके येणाऱ्या स्त्रीची नैमित्तिक रजा एका महिन्यातच संपते, आणि प्रत्येक वेळी प्रमाणपत्र आणणे म्हणजे झटक्यातच प्रवास करणे होय. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात जुनाट चेताविकारांचा समावेश झाला. तेथे उदाहरणादाखल मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावे आहेत, अर्धशिशीचे नाही. बाह्य खूण नसलेल्या वेदनेवर ‘नाटक’ हा शेरा सहज मारला जातो, हे निराळे सांगावयास नको.

परिणामी खरी व्यवस्था नियमाबाहेर उभी राहिली. एकीने दुसरीची रात्रपाळी घ्यावयाची, दुसरीने तिला सणाची सुटी द्यावयाची. औषधांच्या खोलीतील दिवा मालवून वीस मिनिटे पडावयाचे आणि तेवढा वेळ सहकारी परिचारिकेने दोन्ही कक्ष पाहावयाचे. उपकेंद्रात आशा कार्यकर्तीने बाहेर थांबून ‘ताई थोड्या वेळाने येतात’ असे सांगावयाचे. परिसेविका समंजस असेल तर कर्तव्यपत्रक लावतानाच ती रात्रपाळीला लागून दिवसपाळी येणार नाही असे पाहते. तसा आदेश कोठे लिहिलेला नसतो. तिची बदली झाली की ही सवलतही तिच्याबरोबर जाते आणि नव्या परिसेविकेला सर्व पहिल्यापासून सांगावे लागते. या देवाणघेवाणीचा कागद उरत नाही. हजेरीपटावर त्या दिवशी दोघींच्याही नावापुढे ‘उपस्थित’ एवढेच असते.