शिडे उतरली, मिस्त्री उरले

बांगलादेशातील नद्यांवरची शिडे फार पूर्वी उतरली असे नाही. १९८०च्या दशकात शेताला पाणी देणाऱ्या पंपांची इंजिने होड्यांना बसू लागली आणि वल्हवणाऱ्याचे हाल कमी झाले. त्याबद्दल गरीब नावाड्याला दोष देणे आम्हाला पटत नाही. पण तिथला मिस्त्री नकाशा काढत नसे. आधी फळीला फळी लोखंडी पट्ट्यांनी टाचून तो होडीचे अंग उभे करी, फासळ्या नंतर. माप सारे नजरेत. तो गेला की त्याचे इल्मही दफन!

१९९४ साली फ्रान्सहून बार्ज घेऊन आलेले ईव्ह मार आणि बांगलादेशच्या रूना खान यांनी हे ओळखले. (त्याच बार्जवर पुढे तरंगता दवाखाना झाला, २००२ साली ‘फ्रेंडशिप’ संस्था निघाली.) त्यांनी जाणत्या मिस्त्रींकडून जुन्या होड्यांच्या लहान प्रतिकृती अस्सल पद्धतीने करवून घेतल्या. हुनराला मजुरी मिळाली, हे आम्हाला प्रदर्शनाहून मोठे वाटते.

कोकणच्या खाड्यांतही मचवे, पडाव होते. आमच्या वर्गातली मुले पुस्तकात ‘किश्ती’ वाचतात. मचव्याच्या एकेका भागाचे नाव मात्र त्यांच्या आजोबांनाच ठाऊक. यंदाच्या सुट्टीत ती नावे मुलांकरवी वहीत उतरवून घ्यायचे आम्ही ठरवले आहे.