एमजी : गिऱ्हाइकाने घडवलेली गाडी

अष्टकोनी चिन्हाच्या एमजी गाड्या आपल्या रस्त्यांवर २०१९पासून दिसू लागल्या. त्या गुजरातेत हालोलला बनतात. मला कुतूहल आहे ते त्याआधीच्या, दोन माणसांपुरत्या उघड्या एमजीचे. तिचा इतिहास बहुधा किंबर, एनेव्हर अशा कर्त्या माणसांच्या नावाने सांगतात. मला वाटते, युद्धोत्तर काळापुरता तरी तो गिऱ्हाइकाच्या नावाने सांगायला हवा.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या या दुकानाचा व्यवस्थापक सेसिल किंबर मॉरिसच्या साध्या गाड्यांना देखणे रूप देऊन विकू लागला. १९२९ साली कारखाना जवळच्या अ‍ॅबिंग्डनला गेला. मॉरिस मायनरवर बेतलेल्या चिमुकल्या ‘मिजेट’ने स्पोर्ट्‌स कार सामान्य पगारदाराच्या जवळपास आणली.

युद्धाने देश कर्जबाजारी झाला. डॉलर हवे होते, आणि पोलाद मिळे ते निर्यात करणाऱ्याला. १९४५ची टीसी खरे तर युद्धापूर्वीचीच गाडी : तारांची उंच चाके, पत्र्याखाली लाकडी सांगाडा. दहा हजार बनल्या; त्यांतल्या सुमारे दोन हजार अमेरिकेत गेल्या, त्याही उजव्या स्टिअरिंगच्या! तरी लोक भाळले. मग १९५०च्या टीडीला डावे स्टिअरिंग आले, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आले, तारांच्या जागी पत्र्याची लहान चाके आली. जुने शौकीन त्या चाकांवर रुसले. मला त्यांचा रुसवा पटतो. पण टीडी जवळजवळ तीस हजार खपली, हेही खरे.

सिड एनेव्हरने १९५१च्या ल मान्स शर्यतीसाठी टीडीवर गुळगुळीत, वारा कापणारी काया चढवली. चासी अरुंद, म्हणून चालक फार उंच बसे. त्याने चासीच रुंद केली आणि चालकाला तिच्या दांड्यांमध्ये खाली बसवले. एमजीएचा जन्म हाच. पण नव्या बीएमसी कंपनीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी नुकताच डोनाल्ड हीलींशी करार केला होता. त्यांनी नकार दिला. तयार गाडी बाजूला राहिली आणि जुन्याच टीडीला सजवून टीएफ काढावी लागली. खप घसरला तेव्हा, १९५५ साली, एमजीए बाहेर आली. लाखावर बनल्या, त्यांतल्या शंभरात नव्वदांहून अधिक परदेशी गेल्या.

१९६२च्या एमजीबीत वेगळी चासी उरली नाही. ही गाडी पाच लाखांवर गेली. त्याच अमेरिकेचे बंपरविषयक नियम आले, तेव्हा १९७४मध्ये तिला काळे रबरी बंपर लावून इंचाहून अधिक उंच केले. वळणावर ती झुकू लागली.

सप्टेंबर १९७९मध्ये अ‍ॅबिंग्डनने कारखान्याची पन्नाशी आठवडाभर साजरी केली. उत्सव संपला आणि सोमवारी कारखाना बंद होणार असल्याची घोषणा झाली. पौंड वधारला होता. अमेरिकेत विकलेली प्रत्येक गाडी तोट्याची, असे कंपनीचे म्हणणे. शेवटची एमजीबी ऑक्टोबर १९८०मध्ये बाहेर पडली.