अणुभार व मोल : संकल्पनांचा इतिहास

एखाद्या मूलद्रव्याचा अणू दुसऱ्या मूलद्रव्याच्या अणूच्या तुलनेने किती जड आहे हे दर्शविणाऱ्या संख्येस अणुभार म्हणतात; तर अणू, रेणू, आयन यांसारख्या कणांच्या एका ठराविक, फार मोठ्या संख्येने बनलेली पदार्थाची राशी म्हणजे मोल होय. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील रसायनशास्त्राची जवळजवळ सर्व गणिते या दोन संकल्पनांवर आधारलेली असतात. पाठ्यपुस्तकात त्या आरंभीच्या काही पानांतच येत असल्याने त्या सहज सुचलेल्या असाव्यात, असा समज होतो. वस्तुतः ऑक्सिजनाचा अणुभार ८ की १६ एवढ्या एका प्रश्नावर एकमत होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला आणि हा प्रश्न सुटण्याजोगा नाहीच, असे मानणारे रसायनशास्त्रज्ञ त्या काळात थोडे नव्हते.

अडचणीचे मूळ असे की, तराजूने केवळ वजनांचे गुणोत्तर कळते, कणांची संख्या कळत नाही. पाण्यात १ भाग हायड्रोजनाबरोबर वजनाने ८ भाग ऑक्सिजन असतो. पाण्याच्या कणात दोहोंचा एकेक अणू असेल, तर ऑक्सिजनाचा अणू हायड्रोजनाच्या अणूच्या ८ पट जड ठरतो. हायड्रोजनाचे दोन अणू असतील, तर १६ पट ठरतो. म्हणजे अणुभार काढण्यास सूत्र ठाऊक असले पाहिजे आणि सूत्र काढण्यास अणुभार. या चक्रातून बाहेर पडण्यासाठी वजनाहून वेगळा असा काही पुरावा आवश्यक होता.

जॉन डाल्टन (१७६६–१८४४) यांनी १८०३ मध्ये मँचेस्टर येथे अणुभारांचे पहिले कोष्टक मांडले, तेव्हा असा पुरावा उपलब्ध नव्हता. त्यांनी एक नियम गृहीत धरला : दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग ज्ञात असेल, तर त्यात प्रत्येकाचा एकेक अणू आहे असे समजावे. यानुसार पाण्यात हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा एकेक, तर अमोनियात नायट्रोजन व हायड्रोजन यांचा एकेक अणू ठरला. विश्लेषणेही त्या वेळी स्थूल असल्याने १८०८ मधील त्यांच्या ग्रंथात ऑक्सिजनाचा अणुभार ७, तर नायट्रोजन व कार्बन यांचे प्रत्येकी ५ दिलेले आहेत. आकडे चुकीचे असले, तरी प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला स्वतःचे निश्चित वजन असते आणि ते प्रयोगाने काढता येईल, ही कल्पना नवी होती. प्राचीन ग्रीक किंवा वैशेषिक अणुवादात तिचा मागमूस नाही.

वेगळा पुरावा वायूंच्या अभ्यासातून मिळाला. झोझेफ ल्वी गे-ल्युसॅक (१७७८–१८५०) यांनी १८०८ च्या अखेरीस असे दाखविले की, वायू एकमेकांशी संयोग पावतात तेव्हा त्यांची घनफळे साध्या पूर्णांकांच्या प्रमाणात असतात. दोन घनफळे हायड्रोजन व एक घनफळ ऑक्सिजन यांपासून दोन घनफळे वाफ मिळते. एक घनफळ नायट्रोजन व एक घनफळ ऑक्सिजन यांपासून दोन घनफळे नायट्रिक ऑक्साइड मिळते. समान घनफळात कणांची संख्याही समान असावी, हा निष्कर्ष यावरून सहज सुचतो. परंतु डाल्टन यांनी त्यास विरोध केला आणि त्यांचा युक्तिवाद दुबळा नव्हता. नायट्रोजनाच्या एका घनफळापासून संयुगाची दोन घनफळे मिळत असतील, तर नायट्रोजनाच्या प्रत्येक कणाचे दोन तुकडे झाले असले पाहिजेत. आणि अणू तर अविभाज्य. शिवाय वाफेच्या कणात ऑक्सिजनाबरोबर हायड्रोजनही असताना वाफ ऑक्सिजनाहून हलकी कशी, हाही प्रश्न होताच.

या पेचातून मार्ग काढला तो तूरिन येथील अमेदेओ आव्होगाड्रो (१७७६–१८५६) यांनी. त्यांचे शिक्षण कायद्याचे झालेले होते. पुढे ते भौतिकीकडे वळले व व्हेर्चेल्ली येथे अध्यापन करू लागले. १८११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी दोन गोष्टी एकत्र मांडल्या. समान तापमानास व समान दाबाखाली सर्व वायूंच्या समान घनफळांत कणांची संख्या समान असते, ही पहिली. दुसरी अधिक धाडसी होती : हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन या मूलद्रव्यांचे वायुरूप कण एकेरी नसून जोडकण आहेत आणि विक्रियेत ते दुभंगतात. दुभंगतो तो अणू नव्हे, रेणू. एवढे मान्य केले की, डाल्टन यांचे दोन्ही आक्षेप नाहीसे होतात. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनाचे दोन अणू ठरतात आणि ऑक्सिजनाचा अणुभार १६ च्या आसपास येतो.

येथे परिभाषेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. आव्होगाड्रो यांनी ‘अणू’ या अर्थाचा फ्रेंच शब्द वापरलाच नाही; एकाच शब्दास निरनिराळी विशेषणे लावून त्यांनी दोन्ही कणांचा निर्देश केला व त्यामुळे निबंध क्लिष्ट झाला. मराठीत अणू व रेणू असे दोन स्वतंत्र शब्द असल्याने ही अडचण येत नाही. हिंदीत मात्र अणूस ‘परमाणु’ व रेणूस ‘अणु’ म्हणतात. दोन्ही भाषांतील ग्रंथ वाचणाऱ्याने हा भेद लक्षात न ठेवल्यास, आव्होगाड्रो यांच्या वाचकांचा झाला तसाच घोटाळा त्याचाही होतो.

आव्होगाड्रो यांच्या निबंधाची सुमारे पन्नास वर्षे उपेक्षा झाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु तिचे कारण केवळ समकालीनांचा पूर्वग्रह होय, असे म्हणणे न्याय्य ठरणार नाही. स्वीडनचे यन्स याकॉप बर्झीलियस (१७७९–१८४८) हे त्या काळातील विश्लेषणाचे सर्वांत मोठे अधिकारी होते. अणू परस्परविरुद्ध विद्युत् भारांमुळे एकत्र येतात, असे त्यांचे मत होते. मग हायड्रोजनाच्या दोन सारख्याच अणूंनी एकमेकांस का धरून ठेवावे? या प्रश्नास आव्होगाड्रो यांच्याजवळ उत्तर नव्हते. ते पुंज यामिकीच्या साहाय्याने १९२७ मध्ये मिळाले. झां बातीस्त द्यूमा (१८००–८४) यांनी १८२६ पासून बाष्पांच्या घनता मोजून हे गृहीतक वापरून पाहिले, तेव्हा तर ते फसल्यासारखेच दिसले. सर्व मूलद्रव्यांचे बाष्परूप रेणू द्विअणुक मानल्यास पाऱ्याचा अणुभार अपेक्षेच्या निम्मा, फॉस्फरसाचा दुप्पट व गंधकाचा सुमारे तिप्पट येई. पाऱ्याच्या बाष्पात सुटे अणू, फॉस्फरसाच्या रेणूत चार, तर गंधकाच्या रेणूत त्या तापमानास सहा ते आठ अणू असतात, हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. द्यूमा इतके निराश झाले की, १८३६ मधील व्याख्यानांत त्यांनी अणू हा शब्दच शास्त्रातून पुसून टाकावा, अशी इच्छा व्यक्त केली.

अन्य मार्गही उपलब्ध होते. घन मूलद्रव्याची विशिष्ट उष्णता व अणुभार यांचा गुणाकार जवळजवळ स्थिर असतो, असे द्यूलाँ व पेती यांनी १८१९ मध्ये दाखविले. त्याच वर्षी मिचर्लिख यांनी सारख्या आकाराचे स्फटिक व सारखी अणुरचना यांचा संबंध पुढे आणला. या सर्वांचा उपयोग करून बर्झीलियस यांनी १८२६ मध्ये दिलेले बहुतेक अणुभार आजच्या मूल्यांशी जुळतात. चांदी, सोडियम, पोटॅशियम यांचे मात्र दुप्पट आहेत. तथापि अनेकांनी सूत्रांचा वाद टाळून वुलस्टन यांनी १८१४ मध्ये पुरस्कारिलेले सममूल्यभारच पसंत केले. त्या पद्धतीत ऑक्सिजन ८ व कार्बन ६ असे. परिणामी १८५० च्या सुमारास एकच सूत्र दोन प्रयोगशाळांत दोन भिन्न पदार्थ दर्शवी. केकूले यांनी १८६१ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसिटिक अम्लाची, म्हणजे साध्या शिरक्यातील अम्लाची, प्रचारात असलेली १९ सूत्रे छापली आहेत!

या अव्यवस्थेला कंटाळून केकूले, व्ह्यूर्ट्‌स व व्हेल्टसीन यांनी ३ ते ५ सप्टेंबर १८६० रोजी जर्मनीतील कार्ल्‌सरूए येथे यूरोपातील रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरविली. सुमारे १४० जण आले होते. शास्त्रीय प्रश्नाचा निर्णय मतदानाने करणे अनेकांना अप्रशस्त वाटले आणि परिषद बंधनकारक असे काहीच न ठरविता संपली. पण तेथे जेनोआ येथील प्राध्यापक स्तानिस्लाओ कानिझारो (१८२६–१९१०) यांनी आव्होगाड्रो यांची बाजू आग्रहाने मांडली होती आणि निरोपाच्या वेळी त्यांची १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेली छोटी पुस्तिका प्रतिनिधींना वाटण्यात आली. कानिझारो मूळचे पालेर्मोचे. १८४८ च्या सिसिलीतील उठावात भाग घेतल्यामुळे त्यांना काही काळ परागंदा व्हावे लागले होते. पुस्तिका त्यांच्या वर्गातील अध्यापनाचा आराखडा होती आणि या साऱ्या वादाचा निर्णय एखाद्या नव्या प्रयोगाने न होता विद्यार्थ्यांसाठी केलेल्या सुबोध मांडणीने व्हावा, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

त्यांची पद्धती साधी आहे. हायड्रोजनाचा रेणुभार २ मानावा व बाष्पघनतेवरून एकाच मूलद्रव्याच्या अनेक संयुगांचे रेणुभार काढावेत. नंतर प्रत्येक रेणुभारात त्या मूलद्रव्याचा वाटा किती, ते विश्लेषणाने ठरवावे. उदाहरणार्थ, कार्बन मोनॉक्साइडाच्या २८, कार्बन डाय-ऑक्साइडाच्या ४४ व मिथेनाच्या १६ भागांत कार्बन १२ भाग असतो. एथिलिनाच्या २८ भागांत २४ आणि बेंझिनाच्या ७८ भागांत ७२. हे सर्व आकडे १२ च्या पटीत आहेत. १२ हून कमी वाटा कोठेच आढळत नाही. तेव्हा कार्बनाचा अणुभार १२. सूत्र आधी गृहीत धरण्याची आवश्यकताच उरत नाही व जुने चक्र तुटते. मूलद्रव्याच्या रेणूत किती अणू असावेत, याविषयीही पूर्वग्रह नको. पारा एकाणुक ठरला तर ठरू द्यावा, विशिष्ट उष्णतेवरून त्याचा अणुभार २०० असल्याचा पडताळा मिळतोच. नवसागराची बाष्पघनता निम्मीच का येते, याचाही उलगडा त्याच सुमारास झाला : तापविल्यावर त्याचे विगमन होऊन अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू अलग होतात.

परिषदेस लोथार मायर व तरुण मेंडेलेव्ह हे दोघेही उपस्थित होते. मायर यांनी १८६४ मधील आपल्या ग्रंथात या अणुभारांचा आधार घेतला आणि मेंडेलेव्ह यांनी १८६९ मध्ये त्यांवरून आवर्त सारणी रचली. ८ व ६ च्या जुन्या आकड्यांवरून ती रचता आली नसती.

सापेक्ष वजने निश्चित झाली, तरी कणांची प्रत्यक्ष संख्या किती हा प्रश्न उरला. योहान योझेफ लोश्मिट यांनी १८६५ मध्ये वायूंच्या गत्यात्मक सिद्धांतावरून रेणूच्या आकारमानाचा पहिला अंदाज केला. ‘मोल’ हा शब्द व्हिल्हेल्म ओस्टव्हाल्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रूढ केला. रेणुभाराइतके ग्रॅम पदार्थ, एवढाच त्यांचा अर्थ होता. अणूंचे अस्तित्व स्वतः ओस्टव्हाल्ट त्या वेळी मानीतच नव्हते. १९०८–०९ मध्ये झां पेरँ यांनी पाण्यात तरंगणारे राळेचे अतिसूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली निरनिराळ्या उंचीवर मोजले व त्यांच्या विरळ होत जाण्यावरून एका मोलातील रेणूंची संख्या काढली. तिला आव्होगाड्रो यांचे नाव पेरँ यांनीच दिले. निरनिराळ्या मार्गांनी काढलेली ही संख्या जवळजवळ सारखीच येते, हे पाहून ओस्टव्हाल्ट यांनीही अणुवाद स्वीकारला.

पुढील वाटचाल मुख्यतः अचूकतेची आहे. ऑक्सिजनाचे समस्थानिक १९२९ मध्ये सापडल्यावर भौतिकी व रसायनशास्त्र यांचे अणुभार किंचित भिन्न मानकांवर चालू राहिले. १९६०–६१ मध्ये कार्बन-१२ हे समान मानक ठरवून हा भेद मिटविण्यात आला. १९७१ मध्ये मोल हे आंतरराष्ट्रीय पद्धतीतील सातवे मूळ एकक झाले व १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंइतके कण, अशी त्याची व्याख्या करण्यात आली. २० मे २०१९ पासून ही व्याख्या बदलली आहे. शुद्ध सिलिकॉन-२८ च्या सुमारे १ किग्रॅ. वजनाच्या गोलातील अणूंचे अंतर क्ष-किरणांनी मोजून आव्होगाड्रो संख्या अत्यंत सूक्ष्मतेने काढण्यात आल्यावर, ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात ही संख्याच कायमची निश्चित करण्यात आली व तितके कण म्हणजे एक मोल असे ठरले. त्यामुळे कार्बन-१२ च्या एका मोलाचे द्रव्यमान आता व्याख्येने १२ ग्रॅम नसते. ते प्रयोगानेच ठरते आणि व्यवहारात त्या आकड्यापासून जाणवण्याइतके ढळत नाही.