दोन अंशांचा उतार कोणी द्यायचा?

ओतीव भागात खळगा असेल, तर त्याच्या भिंती सहसा अगदी उभ्या नसतात. तोंडाशी तो रुंद असतो आणि तळाकडे किंचित अरुंद होत जातो. कुल्फीचा साचा निमुळता असतो त्याच कारणाने: आतली वस्तू न मोडता बाहेर निघाली पाहिजे. कारखान्यात या उताराला कोणी ड्राफ्ट म्हणतो, कोणी टेपर. वाळूच्या साच्यात तो साधारण एक ते तीन अंश धरतात, प्लास्टिकच्या इंजेक्शन मोल्डमध्ये अर्धा ते दोन, आणि फोर्जिंगमध्ये पाच-सात अंशांपर्यंतही जातो. आजच्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये असा खळगा काढणे हे नवशिक्याचे काम आहे. आकृती काढायची, खोली द्यायची, कोन भरायचा. या सोयीमुळे कॅडचा इतिहास बहुतेक वेळा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो: पूर्वी ड्रॉइंग बोर्डावर आठवडा लागायचा, आता तास पुरतो. मला ही मांडणी अपुरी वाटते. या एका क्षुल्लक उताराचा माग काढला, तर दिसते ते असे की कॅडने कामाचा वेग वाढवला त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एक निर्णय एका माणसाच्या हातून काढून दुसऱ्याच्या हाती दिला.

तो निर्णय मुळात पॅटर्नमेकरचा होता. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने १७०७ मध्ये वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचे पेटंट घेतले. पुढच्या दोन शतकांत यंत्रांचे सांगाडे, सिलिंडर, दातेरी चाके असे सारे वाळूत ओतले जाऊ लागले, तेव्हा लाकडी पॅटर्न बनवणारा कारागीर ओतकामाच्या केंद्रस्थानी आला. लाकडाच्या प्रतिकृतीभोवती वाळू ठोकून बसवायची, पॅटर्नला हलके ठोके देऊन तो सैल करायचा आणि सरळ वर उचलायचा. भिंत उभी असेल, तर उचलताना ती पूर्ण उंचीभर वाळूला घासते आणि साचा ढासळतो. थोडा उतार असला, की पहिल्या केसभर हालचालीतच लाकूड वाळूपासून सुटे होते. खळग्याचे प्रकरण आणखी नाजूक, कारण पॅटर्नमध्ये जिथे खळगा असतो तिथे साच्यात वाळूची एकटी जीभ उभी राहते. तिला आजूबाजूचा आधार नसतो, ती चटकन तुटते. म्हणून बाहेरच्या भिंतीपेक्षा आतल्या भिंतीला जास्त उतार द्यायचा, हा पॅटर्नमेकरचा जुना नियम. धातू निवताना आकसतो, म्हणून त्याची मोजपट्टीही मुद्दाम थोडी मोठी आखलेली असे. बिडासाठी साधारण एक टक्का, पोलादासाठी दोनच्या आसपास.

आता गंमत अशी, की यातले फारसे काही ड्रॉइंगवर नसे. गास्पार माँजने अठराव्या शतकाच्या अखेरीस वर्णनात्मक भूमितीला शास्त्राचे रूप दिले. एकमेकांना काटकोनात असलेल्या प्रतलांवर वस्तूचे प्रक्षेप घ्यायचे, ही शिस्त पुढे अभियांत्रिकी ड्रॉइंगचा पाया ठरली. पण दोन अंशांची कललेली भिंत या प्रक्षेपांत रेखाटणे कटकटीचे होते. प्रत्येक कडेला दोन रेषा, एक तोंडाची आणि एक तळाची, त्याही इतक्या जवळ की शाई एकमेकांत मिसळावी. म्हणून ड्राफ्ट्समन भिंत उभीच दाखवी आणि कागदाच्या कोपऱ्यात एक टीप लिही, की अन्यथा सांगितले नसल्यास अमुक अंश उतार द्यावा. या टिपेत एक मोठी पोकळी होती. मापाला धातू वाढवून उतार द्यायचा, घटवून द्यायचा, की मध्यावर धरून दोन्हीकडे वाटून द्यायचा? बऱ्याचदा ते पॅटर्नमेकरच ठरवी. पुढे कुठली बाजू मशीनवर कातली जाणार आहे, कुठे बोल्ट बसणार आहे, कुठे भिंत पातळ झाली तरी चालेल, हे त्याला ठाऊक असे किंवा तो विचारून घेई.

इथे कोणी म्हणेल की संगणकाला तिरप्या पृष्ठभागांचे वावडे कधीच नव्हते. हे खरे आहे. १९६३ मध्ये आयव्हन सदरलंड यांनी एमआयटीतल्या प्रबंधासाठी टीएक्स-२ संगणकावर स्केचपॅड उभे केले. त्यात लाइट पेनने रेषा काढता येत आणि त्या समांतर किंवा काटकोनात असाव्यात अशी अटही घालता येई. फ्रान्समध्ये सित्रोएनचे पॉल द कास्तेल्जो आणि रेनोचे पिएर बेझिए यांनी मोटारींच्या पत्र्यासाठी वक्र पृष्ठभागांचे गणित त्याच सुमारास बसवले होते. ज्यांना मोटारीचे बॉनेट गणितात पकडता आले, त्यांना दोन अंशांची भिंत काय जड? पण हे सारे कवचाचे गणित होते. त्या पृष्ठभागाला आत-बाहेर नव्हते. कुठल्या बाजूला धातू आणि कुठल्या बाजूला हवा, हे संगणकाला कळत नव्हते, आणि खळगा म्हणजे धातूच्या आत शिरलेली हवा. जोवर आत-बाहेर नाही तोवर खळगाही नाही, नुसती कललेली चादर आहे.

आत-बाहेर समजणारे, म्हणजे घन आकाराचे मॉडेलिंग १९७० च्या दशकात आले. केंब्रिजमध्ये इयन ब्रेड यांनी साध्या घन आकारांची बेरीज-वजाबाकी करून भाग रचण्याची पद्धत मांडली. प्रत्येक घनाच्या बाजू, कडा, कोपरे आणि त्यांची आपसातली नाती संगणकात साठवायची, ही त्यामागची कल्पना. त्यातून शेप डेटा ही कंपनी, मग रोम्युलस आणि पुढे पॅरासॉलिड हे मॉडेलिंगचे गाभे निघाले. अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात हर्बर्ट व्होल्कर आणि अरिस्तीदिस रेकिचा यांच्या गटाने पॅडल-१ ही प्रणाली केली. तिच्यात फक्त ठोकळे आणि नळकांडी होती, तीही अक्षांना काटकोनात ठेवलेली. म्हणजे गणिती दृष्टीने अगदी काटेकोर असलेल्या या प्रणालीत दोन अंशांचा उतार असलेला खळगा रचणे शक्यच नव्हते! कोपऱ्यातल्या टिपेवर भिस्त ठेवणाऱ्या जुन्या ड्रॉइंगसारखीच तिची भिंत उभी. पॅडल-२ मध्ये पाचर, शंकू, गोल आले आणि आकार हव्या त्या दिशेला वळवण्याची मोकळीक मिळाली. आता खळगा कोरता येत होता, पण कसा? कललेल्या पाचरी करून त्या एकेक वजा करत. आकार मिळत होता, त्यामागचे कारण मॉडेलमध्ये कुठेच नोंदले जात नव्हते.

कारणाला जागा मिळाली ती फीचर-आधारित पद्धतीत, म्हणजे खळगा, उतार, गोलाई अशा नाव असलेल्या घटकांनी भाग रचण्याच्या पद्धतीत. लेनिनग्राडहून अमेरिकेत आलेले सॅम्युएल गाइसबर्ग यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या पीटीसी या कंपनीचे प्रो-इंजिनिअर १९८८ मध्ये बाजारात आले आणि १९९५ मध्ये सॉलिडवर्क्सने तीच रीत साध्या पर्सनल कॉम्प्युटरवर आणली. या रीतीत उतार हे स्वतंत्र फीचर झाले. पण ते वापरायला सॉफ्टवेअर दोन प्रश्न विचारते: भाग कुठल्या दिशेने ओढून काढणार, आणि कुठल्या प्रतलावर माप कायम ठेवायचे? उदाहरण घेऊ. ४० मिलिमीटर रुंद आणि ६० मिलिमीटर खोल खळगा, दोन अंश उतार. एका बाजूला सुमारे २.१ मिलिमीटर फरक पडतो, दोन्ही बाजू मिळून ४.२. तोंडावरचे माप कायम ठेवले, तर तळाशी ३५.८ उरतात, तिथे ३८ मिलिमीटरचा भाग बसवायचा असेल, तर तो बसणार नाही. तळाचे माप कायम ठेवले, तर तोंड ४४.२ होते आणि शेजारची भिंत वरच्या बाजूला दोन मिलिमीटरने पातळ होते. टिपेतली जी पोकळी कागदावर बिनबोभाट राहत होती, ती इथे राहू शकत नाही. उत्तर दिल्याशिवाय आकारच तयार होत नाही.

गणितही मुकाट्याने पॅटर्नमेकरच्याच वाटेने जाते. वरच्या खळग्याच्या उभ्या कोपऱ्यांना आधीच २ मिलिमीटरची गोलाई दिली आणि मग भिंती कलवल्या, तर ती गोलाई शंकू होते आणि साधारण ५७ मिलिमीटर खोलीवरच संपते. खळगा ६० खोल आहे. मॉडेल बिघडते, सॉफ्टवेअर अनेकदा हात वर करते. म्हणून कॅड शिकवणारे सांगतात, आधी ड्राफ्ट, मग फिलेट. पॅटर्नच्या बाकावर मेणाच्या किंवा चामड्याच्या पट्ट्या कोपऱ्यांत दाबून गोलाई आणत, तीही लाकूड उतारासकट तासून झाल्यावरच.

टिपेतली पोकळी कॅडने राहू दिली नाही, या म्हणण्यावर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा, की कागदी ड्रॉइंगनेही ही पोकळी भरली होती. अमेरिकेतल्या ओतीव भागांच्या ड्रॉइंगसाठीच्या वाय १४.८ या मानकात उतार धातू वाढवणारा की घटवणारा, हे चिन्हाने सांगण्याची सोय आहे. बरोबर, पण ती सोय आहे, सक्ती नाही. चिन्ह विसरलेले ड्रॉइंगही छापून फाउंड्रीत पोचते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: थ्रीडी प्रिंटिंगमुळे उताराचीच गरज संपत चालली आहे. वाळूचा साचाच थेट छापला, तर पॅटर्न उपसायचा प्रश्न उरत नाही, हे मान्य करावेच लागेल. मात्र लाखोंच्या संख्येने लागणारे प्लास्टिकचे डबे, ॲल्युमिनियमची डाय-कास्ट हाउसिंग्ज पोलादी साच्यातूनच निघतात, आणि पोलाद वाळूपेक्षा कमी क्षमाशील असते. शिवाय धातू छापतानाही आडव्याशी साधारण ४५ अंशांहून कमी कललेल्या लोंबत्या बाजूला आधार द्यावा लागतो. कोन बदलला, प्रक्रियेने आकारावर घातलेली अट तशीच राहिली.

निर्णयाच्या या स्थलांतराची दोन्ही टोके महाराष्ट्रात आहेत. पुण्यात दसॉ, सीमेन्स आणि पीटीसी यांची विकासकेंद्रे आहेत आणि तिथले अभियंते याच मॉडेलिंग सॉफ्टवेअरवर काम करतात. तिकडे कोल्हापूरजवळ शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत एकेकाळी सागवान तासणाऱ्या माणसाच्या जागी आता मॉडेलवरून पॅटर्न कातणारी सीएनसी मशीन आली आहेत. मशीन मॉडेलमध्ये जे आहे तेच कातते. मॉडेल उभ्या भिंतींचे आले, तर पॅटर्न करणाऱ्याला कुठे आणि किती उतार लागेल हे आजही चटकन दिसते. पण तो स्वतःहून देण्याचा अधिकार त्याच्याकडे राहिलेला नाही, त्यासाठी त्याला आधी ग्राहकाच्या डिझाइन विभागाची मंजुरी घ्यावी लागते.