पट्ट्यावरचं धावणं आणि मातीवरचं धावणं

मंडळी, इंझोरीत येऊन ट्रेडमिलवर कसलं बोलायचं, असं कुणी म्हणेल. पण आपल्याकडची पोलीस भरतीची पोरं-पोरी पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात, आणि शहरातल्या मुलांकडे मशीन आहे, तीच पुढे जाणार, ही धास्ती त्यांच्या मनात असते. ती खरी आहे का, एवढंच आज आपण पाहू.

ट्रेडमिलचा पूर्वज इंग्लंडच्या तुरुंगातला. विल्यम क्युबिट नावाच्या अभियंत्यानं १८१८ च्या सुमारास कैद्यांसाठी पायऱ्यांचं मोठं चाक बनवलं. कैदी तासन् तास चढत राहायचे, पोहोचायचे कुठेच नाहीत. कधी त्यावर धान्य दळलं जाई, कधी नुसती हवा! १८९८ च्या कायद्यानंतर ही शिक्षा मागे पडली. पुढे डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी फिरता पट्टा हृदयाच्या तपासणीला आणला. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवायचा, ही त्यांचीच पद्धत. आपले डॉक्टर ‘टीएमटी करून या’ म्हणतात, ती हीच.

आता मुद्दा. पट्टा पाय मागे ओढतो, म्हणून ते धावणं सोपं, असं सर्रास म्हणतात. गॅलिलिओला हे पटलं नसतं. वेग एकसारखा असेल तर जमीन सरकते की माणूस, याने पायाच्या कष्टात फरक पडत नाही. फरक हवेचा. बाहेर ती कापावी लागते. १९९६ मध्ये जोन्स आणि डाउस्ट यांनी दाखवलं की पट्ट्याला १ टक्का चढ दिला की ताशी साडेदहा ते अठरा किलोमीटर वेगाला हिशेब जवळपास जुळतो. उलट बंद खोलीत वारा नसल्यानं घाम वाळत नाही, अंग जास्त तापतं.

म्हणजे दमसास दोन्हीकडे सारखाच कमावता येतो. पण भरतीचे १६०० मीटर, मुलींचे ८००, मैदानावर असतात. तिथे वळण असतं, शेजारी धावणारा असतो, आणि वेग आपला आपण ठरवायचा असतो. पट्ट्यावर तो बटण ठरवतं; त्या चाकाचा तेवढा गुण मशीनमध्ये उरलाच आहे.

पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं पाहिली, त्यातून १९२० चा ऑलिंपिक संघ उभा राहिला. बेळगाव भागातले फडेप्पा चौगुले अँटवर्पला मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले.

तेव्हा गावानं मागायचंच तर मशीन मागू नये. मुरूम दाबून केलेला गोल मागावा, कडेला दोन दिवे. पहाटेच्या अंधारात पाठीमागून ट्रक येतो, ती धास्ती मात्र खरी आहे.